अंबाजोगाईला कुठं उतरायचं?

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातले लोक न कळवता येतात, एस.टी. स्टँडवर उतरतात, चौकशी करीत घर गाठतात आणि जेवायला बसतात. हे लोक माझ्याकडचे. दुसऱ्या प्रकारातले लोक पंधरा दिवस आधी कळवतात, "अमुक तारखेला निघतो आहोत, अंबाजोगाई स्टेशनवर घ्यायला या." हे लोक माझ्या पत्नीकडचे.

या दुसऱ्या लोकांना खरी परिस्थिती समजावून सांगणं हे गेली सत्तेचाळीस वर्षं माझ्याकडे असलेलं काम आहे. पूर्वी ते मी पोस्टकार्डावर करीत असे, आता फोनवर करतो. मजकुरात मात्र फरक करावा लागलेला नाही.

"आमच्या गावाला स्टेशन नाही," मी सांगतो.

"म्हणजे गावापासून जरा लांब आहे का?"

"हो, जरा लांब आहे. पंचवीस किलोमीटर. आणि त्याचं नाव परळी-वैजनाथ आहे."

यावर पलीकडे थोडा वेळ शांतता पसरते. मग प्रश्न येतो, "अहो, पण तुमच्याकडे मेडिकल कॉलेज आहे ना?" जणू मेडिकल कॉलेजबरोबर स्टेशन फुकट मिळतं. आहे, आमच्याकडे मेडिकल कॉलेज आहे. कोर्ट आहे, शाळा आहेत, वाचनालयं आहेत. मराठीचा आद्यकवी आमचा आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' लिहिला, तेव्हा मुंबई नावाच्या ठिकाणी लोक मासे वाळवीत होते. दासोपंत आमचे. त्यांनी कागद पुरेना म्हणून की काय, भल्या लांब कापडावर 'पासोडी' लिहून काढली. ज्या गावात एवढं लांब कापड अंथरलं गेलं, तिथं दोन रूळ तेवढे अंथरायचे राहून गेले.

काटेकोर बोलायचं तर आमच्या तालुक्यात स्टेशन आहे. घाटनांदूरला आहे. म्हणजे चेहरा इथं आणि नाक घाटनांदूरला, अशी आमची ठेवण आहे. पाहुण्यांना हे मी सांगत नाही. सांगितलं तर ते घाटनांदूरला उतरतील.

निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ इथं छावणीला असे. साहेब मंडळींना इथली हवा मानवली, पाणी मानवलं; घोड्यांनाही मानवलं. मनमाडहून निघालेली निजामाची रेल्वे मात्र औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादला गेली. बालाघाटाचा डोंगर चढून आमच्याकडे यावं, असं तिला वाटलं नाही. ज्या गावात एवढे घोडे आहेत, त्याला गाडी कशाला, असंही कुणी म्हटलं असेल. घोडे गेले. आम्ही तेवढे राहिलो.

परळीची गोष्ट निराळी. तिथं गाड्या येतात, जातात, थांबतात. तिथल्या वीजकेंद्रासाठी कोळशाच्या वाघिणीच्या वाघिणी आल्या. याचं कारण आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. परळीला साक्षात वैजनाथ आहे, आणि आमची योगेश्वरी त्याची न झालेली नवरी आहे.

कथा अशी सांगतात, की योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. कोकणातून वऱ्हाड निघालं. घाट चढून, देश ओलांडून अंबाजोगाईपर्यंत आलं आणि इथं मुहूर्त टळला. परळी अवघ्या काही कोसांवर असताना! देवी इथंच राहिली, कुमारिका राहिली, आणि वऱ्हाडाचा दगड झाला. गावाजवळ हत्तीखाना नावाची कोरीव लेणी आहेत. तिथल्या दगडी हत्तींकडे बोट दाखवून म्हातारी माणसं सांगत, "हेच ते वऱ्हाड." लहानपणी मला या कथेतून एकच बोध झाला होता. कोकणातून अंबाजोगाईला यायचं तर गाड्यांची चौकशी नीट करून निघावं.

पुढं हा बोध कामाला यायला हवा होता, पण तो मलाच झाला होता, माझ्या सासरच्यांना नव्हता.

माझी पत्नी चिपळूणची. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी. सासऱ्यांनी नवस बोलला होता की मुलीचं लग्न कुलस्वामिनीच्या दारात लावीन. त्यामुळं १९७८ च्या मे महिन्यात चिपळूणहून वऱ्हाड निघालं. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. मंडळी एस.टी.नं पुण्याला आली, तिथून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडीला आली, आणि कुर्डुवाडीला बार्शी लाइटमध्ये बसली.

बार्शी लाइट हे काय प्रकरण होतं, ते नव्या पिढीला सांगायला हवं. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. १९११ साली ती लातूरपर्यंत आली. पुढं एका अंगानं पंढरपूर करीत मिरजेला जाऊन पोचली. कंपनी १९५४ साली सरकारजमा झाली, पण लोकांच्या तोंडचं 'बार्शी लाइट' गेलं नाही. अडीच फूट म्हणजे आमच्या घरच्या देवघराची रुंदी. एवढ्या अंगाच्या गाडीनं जेवढ्या वेगानं जावं, तेवढ्याच वेगानं ती जाई. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटावा आणि मागच्या डब्यात चढावं, असं तिच्याबद्दल बोललं जाई. मी स्वतः असं करताना कुणाला पाहिलेलं नाही. पण असं करता येतं, हे चिपळूणच्या वऱ्हाडाला पुण्यातल्या कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

त्या माहितीवर विसंबून नवरीचे मामा येडशीला भजी आणायला उतरले. उतरले ते चांगले ऐसपैस उतरले. दोन घाणे होईपर्यंत थांबले, मिरचीची वेगळी आणि कांद्याची वेगळी अशी पुडकी बांधून घेतली. गाडीचा यात तिळमात्र दोष नाही. ती आपल्या वेळेला निघाली. मामा हातात पुडकी घेऊन, अजिबात घाई न करता, चालत तिच्या मागं निघाले, कारण ती कुठल्याही क्षणी हळू होणार होती. दिसेनाशी होईपर्यंत ती हळू झाली नाही.

इकडे अंबाजोगाईत मुहूर्त सकाळचा अकरा वाजून सदतीस मिनिटांचा. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं. मामा नाहीत. दुसऱ्या कुणी आणलं तर चालणार नाही का, असं मी अंतरपाटामागून विचारून पाहिलं. चिपळूणकडच्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढं वर्षभर मी त्या घरात कुणाला काही विचारलं नाही. अकरा-सदतीस झाले. अकरा-चाळीस झाले. आमच्याकडच्या एका आजोबांनी खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "या गावात मुहूर्त टळला की काय होतंय, ठावं हाय ना?"

मांडवात एकदम शांतता झाली. दोनचार वऱ्हाडी मंडळींनी हळूच हातपाय हलवून पाहिले. सासरे मात्र खरोखरच दगडासारखे बसले होते.

मामा दीड वाजता आले. ज्वारीच्या पोत्यांच्या ट्रकवर, पोत्यांच्याही वर बसून आले. भज्यांची पुडकी तशीच हातात होती. गुरुजींनी पंचांग उघडून गोरज मुहूर्त काढला आणि संध्याकाळी, गुरं गावात शिरण्याच्या वेळी, आमचं लग्न लागलं. देवीला जे जमलं नाही ते तुम्हाला जमलं, असं सगळे म्हणाले. पत्नी अजूनही अधूनमधून म्हणते, की देवीनं केलं तेच शहाणपणाचं होतं.

तर असं सगळं असल्यामुळं रेल्वे हा आमच्या घरात नाजूक विषय आहे. त्यात दोन वर्षांपूर्वी पत्नीचा भाचा अमेरिकेहून कुलस्वामिनीच्या दर्शनाला आला. हा ओमाहात असतो. ओमाहा नेब्रास्का नावाच्या राज्यात आहे आणि तिथं आमच्यासारखाच माळ आहे, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, आमच्यासारखा माळ कुठंही नाही. इथं गाव सोडलं की काळी जमीन कमी होत जाते, मुरूम वर येतो, मग नुसती बाभळ, तरवड आणि एखादी वाट चुकलेली शेळी. एका वाडीवरून हाक मारली तर दुसऱ्या वाडीला ऐकू जात नाही. दुसरी वाडी असलीच तर.

"काका, तिथं तर हाक मारायलाही कुणी नव्हतं," तो म्हणाला. मग त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारून ती गोष्ट सांगितली. मला ती इतकी आवडली की मी ती आता माझी म्हणूनच सांगतो.

तिकडे म्हणे आधी रेल्वे आली आणि गावं मागून आली. १८६२ साली अमेरिकन सरकारनं दोन कायदे केले. एकानं रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन दिली, एक सोडून एक चौरस मैलाचा तुकडा. दुसऱ्यानं जो कुणी पाच वर्षं टिकून राहील त्याला एकशे साठ एकर रान देऊ केलं. कंपन्यांनी उजाड माळावर रूळ टाकले, ठरावीक अंतरावर स्टेशनं मांडली आणि मग युरोपात माणसं पाठवून जाहिराती केल्या, की या, आमच्याकडे राहायला या, जमीन घ्या! एका कंपनीला तर इतक्या स्टेशनांना नावं कुठून आणायची, हे कळेना. तिनं सरळ इंग्रजी बाराखडी घेतली. सीपासून सुरुवात करून क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, अशी ओळीनं गावं मांडली. आमच्याकडे पहिलीच्या वर्गात मुलं बसवतात तशी.

"आणि पाऊस?" मी विचारलं. माळावरच्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही.

"पावसाचंही सांगितलं होतं त्यांनी. नांगर पुढं गेला की पाऊस मागून येतो, असं."

"आला?"

"काही वर्षं आला. मग १८९० नंतर दुष्काळ पडला आणि पुष्कळ लोक आले त्याच गाडीनं परत गेले."

पत्नी ताकाचं भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे तिकडे स्टेशन होतं, गाव नव्हतं. इकडे गाव आहे, स्टेशन नाही. तेव्हाच कुणी मध्यस्थी केली असती तर दोघांचंही काम झालं असतं."

पण त्या गोष्टीतला मला लागलेला भाग पुढचाच आहे. ती स्टेशनं इतकी जवळजवळ का होती? कारण वाफेच्या इंजिनाला तहान लागे. थोडं चाललं की पाणी प्यायला थांबावं लागे. जिथं इंजिन पाणी प्यालं तिथं टाकी, टाकीपाशी दुकान, दुकानापाशी गाव. पुढं डिझेल आलं, इंजिनाची तहान संपली, गाडी न थांबता जाऊ लागली आणि त्यातली कितीतरी गावं ओस पडत गेली. आता तिथं धान्याचं एक उंच कोठार उभं असतं आणि बाकी वारा.

आमच्याकडे उलट झालं, ते मी त्याला सांगितलं. तुमच्याकडे इंजिन पाणी प्यायला गावात थांबलं, आमच्याकडे इंजिनानं गावाला पाणी पाजलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणी येऊ लागल्या. आली कुठल्या वाटेनं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. म्हणजे बार्शी लाइटच्याच वाटेनं. रूळ आता रुंद झाले होते, एवढाच फरक. ज्या वाटेवर आमचे मामा भज्यांसाठी राहिले, त्याच वाटेनं लातूरला पाणी आलं. त्या दिवशी टी.व्ही.वर ती गाडी बघताना पत्नीनं हात जोडले. मामांची आठवण होऊन की पाण्याला, ते मी विचारलं नाही.

मांजरा धरण आमच्या बीड जिल्ह्यात धनेगावला. लातूर त्याचंच पाणी पितं, आम्हीही त्याचंच पितो. ते आटलं तेव्हा दोघांचंही आटलं. लातूरला रूळ होते, म्हणून त्यांच्याकडे गाडी आली. आम्ही रांगेत घागरी मांडून टँकरची वाट पाहिली. रेल्वे नसण्याचं हसू करण्यात माझी हयात गेली, पण त्या उन्हाळ्यात ते जमलं नाही.

आणि आता अलीकडची हकीकत. अहिल्यानगर–बीड–परळी हा दोनशे एकसष्ट किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. त्या वर्षी आमच्या गल्लीत ज्याला मुलगा झाला, तो मुलगा अभ्यासाला लागला, नापास झाला, पास झाला, त्याचं लग्न झालं आणि त्याला मुलगा झाला, तरी बीडला रेल्वे आली नव्हती. साडेतीनशे कोटींच्या आसपासचा खर्च अठ्ठेचाळीसशे कोटींच्या घरात गेला. २०२२ साली गाडी आष्टीपर्यंत आली. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून, मुख्यमंत्र्यांनी झेंडी दाखवली आणि बीडला पहिली रेल्वे धावली. बीडहून हा मार्ग वडवणी, सिरसाळा करीत परळीला मिळायचा आहे. अंबाजोगाई त्यात नाही. म्हणजे पुन्हा वैजनाथच. आम्ही आपले मांडवात.

तरीही गावात उत्साह होता. पारावर, दवाखान्यात, कटिंगच्या दुकानात एकच विषय. "बरं झालं, आता पोराला पुण्याला जायला सोपं." "बरं झालं, मुंबईला जायला सोपं." "बरं झालं, आता लवकर जाता येईल." मी घरी येऊन पत्नीला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"सगळे जायचंच बोलतात का हो?" ती म्हणाली. "यायचं कुणीच नाही?"

मी तिला उत्तर दिलं नाही. आमची दोन्ही मुलं पुण्याला आहेत.

जाण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा रेल्वेवाचूनही मागं नाही. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या आणि तान्हं मूल घेऊन वर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला निघून जातात. पाच-सहा महिने गावंच्या गावं अर्धी होतात. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारा, त्याच्यापाशी शाळेतलं नातवंड. मी मास्तर होतो तेव्हा दिवाळीनंतर हजेरी घेताना एका दमात सात-आठ नावं गाळून पुढं जायची मला सवय झाली होती. त्या मुलांना गाडी कधी चुकली नाही. मुकादमाचा ट्रक भज्यांसाठीही थांबत नसे.

मार्गशीर्षात योगेश्वरीचं नवरात्र असतं. ते तोंडावर आलं तेव्हा पत्नी म्हणाली, "मला बीडची गाडी बघायची आहे. बसायचं नाही. जाणारीही नको. येणारी बघायची."

रेल्वे बघण्यासाठी एस.टी.नं नव्वदच्या आसपास किलोमीटर जायचं, आणि तेही तिच्याच उलट्या दिशेनं, हे आमच्या एकूण परंपरेला धरूनच होतं. आम्ही गेलो. केजच्या अलीकडं, पलीकडं, खिडकीतून कुलपं दिसत होती. बीडच्या स्टेशनवर मी दोन फलाट तिकिटं काढली. आमच्याशेजारी बाकावर एक आजी नातवाला घेऊन बसली होती. "कुठं चाललाव?" मी विचारलं.

"कुठं न्हाय बा. पोराला गाडी दावायला आनलंय. ह्याचे मायबाप कारखान्यावर हायती. म्हनतंय, त्ये हिच्यातच बसून येतेल."

"येतेल का?" पोरानं मला विचारलं. मास्तर दिसलो असणार.

मी म्हटलं, "उन्हाळ्यात. आणि ट्रकनं." खोटं बोलायला हवं होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पोरानं मान हलवली आणि पुन्हा रुळांकडे बघायला लागलं.

गाडी आली. आमच्या बार्शी लाइटपेक्षा पुष्कळ रुंद, पुष्कळ स्वच्छ. पत्नी उठून फलाटाच्या कडेपाशी जाऊन उभी राहिली, जणू कुणीतरी ठरलेलं येणार होतं. थोडी कॉलेजची मुलं उतरली. एक बाई मूल कडेवर घेऊन उतरली, तिला न्यायला भाऊ आला होता आणि तो पिशवी घ्यायची सोडून मुलालाच घेऊन पुढं निघाला. पोरगं त्या सगळ्यांकडे बघून झाल्यावर शेवटच्या डब्याकडे बघत राहिलं. आजीनं त्याला चिक्की घेऊन दिली.

सगळ्यांत शेवटी एक पुणेरी कुटुंब उतरलं. आजोबा, आजी, सून, दोन मुलं आणि बॅगांची मोजदाद न लागणारी रास. आजोबांनी चष्मा पुसला, फलाटावरची पाटी वाचली आणि माझ्याकडे आले.

"अहो, योगेश्वरीला जायचंय. ते अंबाजोगाई स्टेशन इथून पुढचंच ना?"

मी तोंड उघडलं. सत्तेचाळीस वर्षांचा मजकूर जिभेवर तयार होता. पण पत्नी मध्ये आली. "तुम्ही कोकणातले का?" तिनं त्या आजींना विचारलं. त्या मूळच्या गुहागरच्या निघाल्या. मग मला बोलायला जागाच उरली नाही. दोघींचं कोण कुणाच्या घरात दिलं आहे, हे स्टेशनबाहेर येईपर्यंत निम्मं उलगडलं होतं. "आमच्याबरोबरच चला," पत्नी म्हणाली. "उतरायचं आमच्याकडेच. देऊळ काही लांब नाही."

एस.टी. भरलेली होती. बायकांना जागा मिळाली, मुलांना मिळाली, आजोबांनाही कंडक्टरनं करून दिली. मांजरसुंब्यापर्यंत मी उभा होतो, माझ्या एका पायावर पुण्याची बॅग आणि दुसऱ्यावर पुण्याचं पाण्याचं भांडं. आजोबा खिडकीतून बाहेर बघत होते.

"इथं वस्ती फार विरळ दिसते हो," ते मला म्हणाले.

"आज जरा दाटी आहे," मी म्हटलं आणि पाय बदलायला जागा होते का ते पाहू लागलो.